वर्गातले स्वातंत्र्य कशाचे?

शाळेत काय शिकवायचे हे कोणी ठरवायचे? सरकारने, पालकांनी, शिक्षकांनी की त्या विषयातील तज्ज्ञांनी? आणि शिक्षकाला वर्गात बोलण्याचे स्वातंत्र्य आहे असे म्हटले, तर ते नेमके कशाचे स्वातंत्र्य? अमेरिकेत हे प्रश्न पुनःपुन्हा न्यायालयात गेले. दर वेळी निमित्त झाले ते जीवशास्त्राच्या पुस्तकातील एका प्रकरणाचे, उत्क्रांतीचे. या इतिहासात आपणा शिक्षकांना विचार करायला लावणारे बरेच काही आहे.

डेटनचा खटला

१९१० ते १९१५ या काळात अमेरिकेतील काही ख्रिस्ती धर्मपंडितांनी आपल्या धर्माची ‘मूलतत्त्वे’ सांगणाऱ्या पुस्तिका काढून सर्वत्र वाटल्या. ‘मूलतत्त्ववाद’ हा शब्द आज आपण कोणत्याही धर्माच्या संदर्भात वापरतो. त्याचे मूळ या चळवळीत आहे. त्याच सुमारास तेथे सरकारी हायस्कुले झपाट्याने वाढत होती. मूठभर सुशिक्षितांपुरता असलेला डार्विन आता शेतकऱ्याच्या मुलाच्या दप्तरात येऊन बसला आणि वादाला तोंड फुटले.

मार्च १९२५ मध्ये टेनेसी राज्याने कायदा केला. बायबलमधील मानवनिर्मितीची कथा नाकारून, माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे सरकारी शाळेत शिकवल्यास शिक्षकाला १०० ते ५०० डॉलर दंड होणार होता. या कायद्याला आव्हान देणाऱ्या शिक्षकाचा खटला आम्ही लढवू, असे अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संघटनेने वृत्तपत्रातून जाहीर केले. डेटन या लहानशा गावातील काही मंडळींनी २४ वर्षांच्या जॉन स्कोप्स या शिक्षकाला त्यासाठी तयार केले. स्कोप्स खरे तर खेळांचे प्रशिक्षक. जीवशास्त्राचे तास त्यांनी बदली शिक्षक म्हणून घेतले होते. उत्क्रांतीचा धडा आपण शिकवला होता की नाही, याचीही त्यांना खात्री नव्हती!

गंमत अशी, की हंटर यांचे जे पुस्तक ते वापरत होते, ते राज्यानेच मंजूर केलेले होते आणि त्यात उत्क्रांती होती. म्हणजे सरकारी पुस्तक शिकवले तर सरकारी कायदा मोडत होता.

जुलै १९२५ मधील या खटल्यात सरकारच्या बाजूने विल्यम जेनिंग्ज ब्रायन आणि स्कोप्सच्या बाजूने क्लॅरन्स डॅरो असे दोन नामांकित वकील उभे राहिले. साक्षीसाठी शास्त्रज्ञ आले होते. पण कायदा मोडला की नाही एवढाच प्रश्न आहे, असे म्हणून न्यायाधीशांनी ज्यूरीसमोर त्यांच्या साक्षी होऊ दिल्या नाहीत. ज्यूरीने सुमारे ९ मिनिटांत स्कोप्सना दोषी ठरवले. दंड झाला १०० डॉलर. १९२७ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली, पण कारण तांत्रिक होते: दंडाची रक्कम ज्यूरीने नव्हे, न्यायाधीशांनी ठरवली होती. कायदा मात्र वैध ठरला.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. हंटर यांच्या त्याच पुस्तकात मानववंशांची उच्चनीच उतरंड लावलेली होती आणि ‘वंशसुधारणे’चा पुरस्कार होता. दुर्बळांना तुडवण्यासाठी डार्विनचे नाव वापरले जाईल, ही ब्रायन यांची भीती अगदीच निराधार नव्हती. पण त्या चुकीच्या कल्पना दूर झाल्या त्या आनुवंशिकीच्या अधिक अभ्यासाने आणि माणुसकीच्या जाणिवेने. विषय वर्गाबाहेर घालवून चूक दुरुस्त होत नाही.

न दिसणारी बंदी

या खटल्याने जगभर मूलतत्त्ववाद्यांचे हसे झाले, असा समज आहे. प्रत्यक्षात टेनेसीचा कायदा १९६७ पर्यंत कायम होता. मिसिसिपी आणि आर्कान्सा या राज्यांनी तसेच कायदे केले. त्याहून मोठा परिणाम प्रकाशकांवर झाला. हंटर यांच्या पुस्तकाची १९२६ मध्ये नवी आवृत्ती निघाली, तेव्हा ‘उत्क्रांती’ हा शब्दच त्यातून गेला होता. इतर पुस्तकांतही हा विषय आक्रसला. कोणाला अटक नाही, दंड नाही. फक्त एक प्रकरण हळूच नाहीसे झाले. विद्यार्थ्यांना आपण कशाला मुकलो हे कळण्याचा मार्गही उरला नाही.

१९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि आपले विज्ञानशिक्षण मागे पडले, अशी अमेरिकेला धास्ती वाटली. शासनाच्या पैशातून, जीवशास्त्रज्ञांच्या मदतीने नवी पाठ्यपुस्तके तयार झाली. १९६३ पासून ती शाळांत येऊ लागली, आणि त्यांत उत्क्रांती पुन्हा मध्यभागी होती.

१९६५ मध्ये आर्कान्सातील लिटल रॉक येथील जीवशास्त्राच्या शिक्षिका सुझन एपरसन यांच्यापुढे जुनाच पेच नव्याने उभा राहिला. शाळेने दिलेल्या नव्या पुस्तकात उत्क्रांती होती, आणि राज्याचा १९२८ चा कायदा ती शिकवणे गुन्हा मानत होता. त्या न्यायालयात गेल्या. पहिल्या न्यायालयाने भाषणस्वातंत्र्याच्या आधारे त्यांच्या बाजूने निकाल दिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. शेवटी १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला, पण वेगळ्या कारणाने. अभ्यासक्रम ठरवण्याचा राज्याला अधिकार आहे. मात्र एका पंथाच्या श्रद्धेला खटकते म्हणून ज्ञानाचा एखादा भाग गाळणे म्हणजे शासनाने धर्माची बाजू घेणे होय, असे न्यायालय म्हणाले.

‘दोन्ही बाजू’

यानंतर डावपेच बदलले. बंदी घालता येत नाही, तर समान वेळ मागावा! १९८१ मध्ये लुइझियाना राज्याने कायदा केला, की उत्क्रांती शिकवायची असेल तर ‘निर्मितिविज्ञान’ही शिकवले पाहिजे. कायद्याचा उद्देश सांगितला होता शैक्षणिक स्वातंत्र्य. ७२ नोबेलविजेत्यांनी न्यायालयाला निवेदन देऊन त्याला विरोध केला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदाही रद्द केला. याने शिक्षकाला नवे कोणतेही स्वातंत्र्य मिळत नाही, असे न्यायालयाने दाखवून दिले.

भाषणस्वातंत्र्याचा दाखला उलट बाजूनेही दिला गेला. उत्क्रांती शिकवण्याची सक्ती हा आपल्या स्वातंत्र्यावर घाला आहे, असे कॅलिफोर्नियातील एका जीवशास्त्र शिक्षकाचे म्हणणे होते. १९९४ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. आम्हाला हे योग्य वाटते. चौकात भाषण करणाऱ्यासमोरून श्रोता उठून जाऊ शकतो. वर्गातला विद्यार्थी जाऊ शकत नाही. म्हणून शिक्षकाचे स्वातंत्र्य हे मनाला येईल ते बोलण्याचे नसून विषयाशी प्रामाणिक राहण्याचे आहे.

याचे उत्तम उदाहरण पेनसिल्व्हेनियातील डोव्हर गावात घडले. २००४ मध्ये तेथील शाळा मंडळाने ठरवले, की डार्विनच्या सिद्धांतात उणिवा आहेत आणि ‘बुद्धिमान योजना’ हा पर्याय आहे, असे निवेदन नववीच्या वर्गात वाचावे. विज्ञान शिक्षकांनी नकार दिला. जाणूनबुजून विषयाचा विपर्यास करणे आमच्या व्यवसायधर्मात बसत नाही, अशी त्यांची भूमिका होती. शेवटी निवेदन अधिकाऱ्यांना वाचावे लागले. ११ पालक न्यायालयात गेले. तेथे उघड झाले, की पर्यायी म्हणून सुचवलेल्या पुस्तकाच्या जुन्या मसुद्यांत ‘निर्मितिवाद’ हा शब्द होता; १९८७ च्या निकालानंतर तेवढाच बदलून नवा घातला गेला होता. डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी ‘बुद्धिमान योजना’ हे विज्ञान नव्हे, असा निकाल दिला.

आपल्याकडे काय? जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असून तो अभ्यासक्रमातून बदलावा, असे म्हटले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून ते खोडून काढले. २०२३ मध्ये मात्र एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. कारण दिले गेले अभ्यासाचा भार हलका करण्याचे. १८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी निषेध नोंदवला. बारावीत हा विषय आहे, हे खरे. पण दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलामुलींचे काय? कारण कोणतेही असो, गाळलेले प्रकरण विद्यार्थ्याच्या दृष्टीने गाळलेलेच असते.

आमच्या मते डेटनच्या त्या शंभर डॉलरांपेक्षा १९२६ ची ती मूक आवृत्ती अधिक लक्षात ठेवण्यासारखी आहे. घरच्या श्रद्धेतून एखादा विद्यार्थी प्रश्न विचारील, तर त्याची थट्टा करू नये. त्याला जीवाश्म, शरीररचनेतील साम्ये, जनुकांचे पुरावे दाखवावेत. आणि पुस्तकात धडा नसला, तरी ‘हे असे कसे झाले?’ हा प्रश्न वर्गात विचारायला आपल्याला कोणी मनाई केलेली नाही.