विश्रांतीकडून व्यायामाकडे

धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिरावरील सुरसुंदरी शतकानुशतके एकाच भंगात उभ्या आहेत. दगडाला ते शोभते. माणसाच्या सांध्याला मात्र असे स्थिर राहणे मानवत नाही. तरीही संधिवाताने आखडलेल्या माणसाला आपण घरोघर काय सांगतो? ‘हलू नका, पडून राहा.’ या उपदेशामागे माया असते. परंतु तो हिताचा आहे काय, हा प्रश्न इतिहासाला विचारून पाहण्यासारखा आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांनी व्यायामाला औषधाच्या पंक्तीस बसविले होते. मधुमेही जर निर्धन असेल, तर त्याने अनवाणी शंभर योजने चालावे किंवा विहीर खणावी, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. त्याच ग्रंथात व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, अशी मर्यादाही घातली आहे. आमवात हा स्वतंत्र रोग म्हणून पुढे माधवकराने आपल्या निदानग्रंथात वर्णिला.

हा विचार प्रयोगशाळेत नेण्याचे श्रेय महाराष्ट्रापुरते बोलायचे तर स्वामी कुवलयानंदांकडे जाते. योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासला. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक त्यांनी सुरू केले. श्रद्धेने मानलेली गोष्टही मोजून पाहावी, हा त्यांचा आग्रह होता. पुढे १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले, आणि रुग्णाचे अवयव हलते करणे ही एक शास्त्रशुद्ध विद्या ठरली.

पाश्चात्त्य वैद्यक त्या काळी विश्रांतीच्याच बाजूचे होते. सुजलेला सांधा हलविला तर तो अधिक झिजेल, ही भीती रास्तच वाटत असे. १९४७ मध्ये अ‍ॅशर या इंग्रज वैद्याने अंथरुणास खिळून राहण्याचे धोके मांडले. १९७५ च्या सुमारास स्वीडनमध्ये एकब्लोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमवाताच्या रुग्णांना काही आठवडे व्यायाम देऊन पाहिला, तेव्हा त्यांची ताकद व दम वाढला. मग नेदरलँड्समध्ये सुमारे ३०० रुग्णांवर दोन वर्षे प्रयोग झाला. २००३ साली त्याचा निष्कर्ष आला : आठवड्यातून दोनदा कसून व्यायाम करणाऱ्यांची कामे करण्याची क्षमता सुधारली आणि बहुतेकांच्या सांध्यांची झीज वाढली नाही. ज्यांचे मोठे सांधे आधीच फार बिघडले होते, त्यांच्याबाबत मात्र सावधगिरीचा इशारा मिळाला. सुश्रुताच्या मर्यादेची आठवण येथे होते.

हा रोग शहरी सुखवस्तूंचा नव्हे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून घरोघर जाऊन पाहणी झाली. चार हजारांहून अधिक प्रौढांत सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू वा हाडांच्या दुखण्याची तक्रार होती. खरा आमवात दोनशेंत एखाद्याला होता; बाकीची दुखणी निराळी होती. म्हणून आधी निदान, मग व्यायाम, हा क्रम चुकता कामा नये.

येथे कोणी म्हणेल, आमच्या बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार पहाटेपासून राबतो. त्याला आणखी कसला व्यायाम? शंका योग्य आहे. परंतु कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. कोयता चालविताना तोच खांदा व तीच कंबर सतत ताणली जाते, आणि थांबणे आपल्या हाती नसते. व्यायामात सर्व सांधे जपून फिरविले जातात, जोर हळूहळू वाढविला जातो, आणि दुखणे उसळले की थांबता येते. पोटासाठी राबणाऱ्याला हे थांबण्याचे स्वातंत्र्य कसे मिळेल, हा प्रश्न वैद्याच्या हातचा नाही. तो समाजाचा आहे.

व्यायामाने संधिवात समूळ जात नाही, औषधही सुटत नाही. पण आपल्या हाताने घास घेणे, तांब्या उचलणे, देवळाच्या पायऱ्या चढणे, एवढे जरी टिकले तरी म्हाताऱ्या माणसाचा मान घरात टिकतो. तेव्हा आज घरी गेल्यावर कोपऱ्यात बसलेल्या आजीला ‘हलू नकोस’ असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे. वैद्याला विचारावे, आणि मग तिचा हात धरून अंगणापर्यंत तिच्याबरोबर चालावे.