नीरेचे दोन काठ

साताऱ्याकडं जाताना एसटी सारोळ्याच्या पुलावर आली की आपण म्हणतो, पुणे जिल्हा संपला. खाली नीरा असते. पण वर भोरच्या डोंगरात हीच नीरा कुणाची हद्द नाही. तिथं दोन्ही काठ आपलेच.

आपल्या मुलखाची जुनी नावंच बघा. हिरडस मावळ, रोहिड खोरं, वेळवंड खोरं, गुंजण मावळ, कानद खोरं. देशमुखीसुद्धा खोऱ्याची असे. हिरडस मावळ बांदलांकडं, रोहिड खोरं कारीच्या जेध्यांकडं. नदी मधोमध, आणि अलीकडची-पलीकडची गावं एकाच हिशेबात.

पुढं हद्दी आल्या. भोर पंतसचिवांचं संस्थान, तर खालची बारामती, इंदापूर इंग्रजांची. १८७६-७७च्या मोठ्या दुष्काळानंतर तिकडं नीरेचा कालवा निघाला. त्याला बारमाही पाणी हवं, म्हणून वेळवंडीवर भाटघरला धरण बांधलं. ते कमी पडलं, तेव्हा १९२८ साली नवं, मोठं धरण झालं. म्हणजे जमीन बुडाली संस्थानातली आणि ऊस पिकला इंग्रजी मुलखात. १९४८ला संस्थान विलीन झालं, ती हद्द पुसली गेली. पाण्याची वाट मात्र तीच राहिली.

नंतर नीरेवर देवघर, वेल्ह्यात चापेट. तेही पाणी शेवटी नीरेच्याच खोऱ्यातलं. भाटघरच्या जलाशयाला आता भुतोंड्याच्या येसाजी कंकांचं नाव आहे. नाव आपल्या माणसाचं, हे चांगलंच झालं. पण काठावरच्या वाडीतल्या बाईला चैत्रात हंडा घेऊन झऱ्यावरच जावं लागतं, कारण धरणाचं पाणी खाली आणि घर वर. पाणी चढवायला मोटर लागते, वीजबिल लागतं. कालव्याला उतार पुरतो.

उन्हाळ्यात भाटघर आटलं की कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ पाण्याबाहेर येतं. म्हाताऱ्या बायका दर्शनाला जातात आणि बोट दाखवून सांगतात, इथं पाणवठा होता, इथून पलीकडं उतार होता. ही नावं सातबाऱ्यावर नाहीत. म्हणून आमच्या गटांनी बचतीच्या वहीमागच्या कोऱ्या पानांवर ती लिहायला घेतलीत. झरा कुठला, पूर्वी कुठल्या महिन्यापर्यंत वाहायचा, आता कधी आटतो. पुढच्या बैठकीला येताना सासूबाईंना विचारून या. त्यांना चालवत असेल तर सोबतच आणा.