खोलीची चावी कुणाच्या खिशात?

१९७२ साल संपत आलं होतं. अमेरिकेतल्या शिकागो शहरात भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा ऐंशी वर्षांचा म्हातारा जिना चढू शकेना, म्हणून त्याला वृद्धाश्रमात हलवलं. खोली रिकामी करायला घरमालक आणि एक शेजारी भाडेकरू आत शिरले. चाळीस वर्षांचा पसारा. जुने पेपर, मासिकं, मोडके चष्मे, सुतळीचे गुंडे, पोटाच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या. शेजाऱ्यांना म्हातारा माहीत होता तो एवढाच : मळका कोट, चिकटपट्टीनं जोडलेला चष्मा, कचऱ्याचे डबे धुंडाळतो, आणि बोललाच तर पाऊसपाण्याचं बोलतो.

भंगार उपसता उपसता हाताला लागली एक कादंबरी. टाइप केलेली पानं १५,१४५. तिच्यासाठी काढलेली शेकडो चित्रं. काही चित्रं कागदाला कागद चिकटवून नऊ-दहा फूट लांब केलेली, दोन्ही अंगांनी रंगवलेली.

म्हाताऱ्याचं नाव हेन्री डार्जर. धंदा : इस्पितळातला झाडूवाला.

मित्रांनो, मी सूतगिरणीत रिंगखात्यात रात्रपाळी करतो. लेबलाच्या कोऱ्या पाठीवर कविता खरडतो. या माणसाबद्दल वाचलं आणि तो डोक्यातून जाईना. तो आपल्यातला नाही. गोरा होता, कॅथलिक होता, रोज चर्चला जायचा. गावाबाहेरच्या विहिरीचा चटका त्याला ठाऊक नव्हता. तेव्हा ओढूनताणून त्याला आपला भाऊ करायचा नाही. पण त्याचं काय केलं गेलं, आणि त्याच्या कामाचं पुढं काय झालं, ते आपण नीट समजून घेतलं पाहिजे.

जन्म १२ एप्रिल १८९२. चार वर्षांचा व्हायच्या आत आई बाळंतपणानंतर गेली. झालेली बहीण दत्तक देऊन टाकली, ती त्याला पुन्हा भेटली नाही. बाप शिंपी, पायानं अधू, कंगाल. १९०० साली बाप धर्मादाय आश्रमात आणि पोरगा कॅथलिक मुलांच्या अनाथगृहात. पोरगा वाचणारा होता. पण चमत्कारिक आवाज काढायचा, हातवारे करायचा. झालं! उचलून त्याला लिंकन गावच्या ‘मंदबुद्धी’ मुलांच्या सरकारी संस्थेत टाकला. तिथं शेतावर राबवून घेत. बाप मेला तेव्हाही तो तिथंच. सोळा-सतरा वर्षांचा असताना पळाला आणि शिकागोला परत आला. ज्याच्यावर मंदबुद्धीचा शिक्का मारला, त्यानं पुढं पंधरा हजार पानं लिहिली. आता शिक्का मारणाऱ्यांच्या बुद्धीचं काय, ते तुम्हीच ठरवा.

मग १९६३ पर्यंत, पन्नासेक वर्षं, इस्पितळांत फरशी पुसणं, भांडी घासणं, बँडेज गुंडाळणं. दिवसभर दुसऱ्याची घाण, उरलेल्या वेळात आपलं लिखाण. चित्रकला त्याला कुणी शिकवली नाही. हाताला आकृती साधत नाही म्हणून तो रडत बसला नाही. पेपरातल्या, कॉमिक्समधल्या, पोरांच्या रंगवायच्या पुस्तकांतल्या आकृत्या कार्बन लावून गिरवल्या. आकृती लहान पडली की औषधाच्या दुकानात देऊन तिचा मोठा फोटो करून आणायचा आणि परत गिरवायचा. रंग शाळकरी पोरांचे. एवढ्या भांडवलावर त्यानं अख्खं जग उभं केलं.

आणि कादंबरी कशावर? गुलामीवर. एक राष्ट्र लहान मुलांना गुलाम करून राबवतं, मारतं. मुलं बंड करतात. व्हिव्हियन घराण्यातल्या सात बहिणी त्या बंडाच्या बाजूनं लढतात. बालगुलामांच्या पुढारी मुलीचा खून होतो आणि युद्ध भडकतं. १९११ साली शिकागोत एल्सी पारूबेक ही पाच वर्षांची मुलगी खरोखरच मारली गेली होती. पेपरात आलेला तिचा फोटो डार्जरनं जपला होता. तो हरवला. त्यानं देवाची प्रार्थना केली. देव ऐकेना, तर कादंबरीतल्या युद्धाची धमकी त्यानं देवालाच दिली. झाडूवाल्याच्या हातात दुसरं काय होतं?

त्याची काही चित्रं बघवत नाहीत. फुलं, फुलपाखरं, आणि तिथंच गळा आवळलेली, फाडलेली मुलं. मुलींच्या उघड्या अंगांवरून जाणकार अजून भांडतात. कुणी त्याला विकृत म्हटलं, कुणी संत. मला दोन्ही पटत नाही. ज्या पोराला कोंडून राबवलं, त्याच्या रंगात रक्त येणारच. त्यानं खऱ्या कुठल्या पोराला इजा केल्याचा पुरावा नाही, हेही सांगितलं पाहिजे. उलट मूल दत्तक मिळावं म्हणून त्यानं खटपट केली. मिळालं नाही. विल्यम श्लोडर हा एक जिवाचा मित्र होता, तोही १९५९ साली वारला. मग खोली आणि तो.

घरमालकाचं नाव नेथन लर्नर. स्वतः छायाचित्रकार. भला माणूस, हे कबूल केलं पाहिजे. दुसरा असता तर सगळं कचऱ्याच्या गाडीत गेलं असतं. आपलं काम सापडलंय हे कळल्यावर डार्जर एवढंच म्हणाला म्हणतात, की आता उशीर झाला. १३ एप्रिल १९७३ ला तो मेला. बाप ज्या आश्रमात गेला, त्याच आश्रमात.

मग बाजार भरला. चित्रं मोठमोठ्या संग्रहालयांत गेली. २०१४ साली पॅरिसच्या लिलावात एका चित्राला सात लाख डॉलरच्या वर बोली लागली. ताबा होता घरमालकाच्या घराकडं. २०२२ साली डार्जरचे लांबचे नातेवाईक कोर्टात गेले, की हक्क आमचा. म्हणजे एकीकडं खोलीचा मालक, दुसरीकडं जिवंतपणी त्याची विचारपूस न केलेले नातेवाईक. ज्यानं घाम गाळला तो मातीत.

या कलेला नाव काय दिलं? ‘आउटसायडर’. इंग्लंडातल्या रॉजर कार्डिनलचं या नावाचं पुस्तक १९७२ सालचंच. न शिकलेल्यांची, वेड्यांच्या इस्पितळातल्यांची, एकलकोंड्यांची कला ती आउटसायडर. याचं मराठी करायला आपल्याला शब्दकोश लागत नाही. गावकुसाबाहेरची! कूस घातलं कुणी? आतल्यांनी. बाहेरच्याचं काम अस्सल निघालं तरी त्याला सरळ आत घेत नाहीत. वेशीवर वेगळं दुकान मांडतात. आणि दुकान जोरात चालतं.

पण मित्रांनो, लर्नरला शिव्या द्यायचा मला हक्क नाही. माझ्या आज्याची गाण्यांची वही होती. जलशात तो गायचा. तो गेल्यावर आम्हीच ती रद्दीवाल्याच्या तराजूत टाकली. मी तेव्हा सातवीत होतो. आम्हाला घरमालकसुद्धा लागला नाही.

तेव्हा मोर्चा, पत्रक, बैठक यांतून एक रविवार काढा. आपल्या वस्तीत असा एखादा म्हातारा, एखादी म्हातारी असतेच. गाणी रचणारी, चिंध्यांतनं चित्र जोडणारी, एकटीच पुटपुटणारी. जवळ जाऊन बसा. काय लिहिलंय, काय केलंय ते विचारा. नाव, गाव, साल त्यांच्याच तोंडून ऐकून उतरवून घ्या. नक्कल करा, पण वही त्यांचीच राहू द्या.

डार्जरकडं असं फारसं कुणी जाऊन बसलं नाही. पाऊसपाण्याचं बोलायचा म्हणे. तिथून सुरुवात करता आली असती.