वसईचे दोन दरवाजे आणि डेटा सेंटरची चौथी केबल

#इतिहास #वसई #थ्रेड

१/ डेटा सेंटरमध्ये माहिती साठवणाऱ्या यंत्रणेला व्यवहारात ‘स्टोरेज’ म्हणतात. ती जाळ्याला जोडताना एक नियम पाळला जातो : कोणतीही एक केबल, एक स्विच किंवा एक कंट्रोलर बंद पडला, तरी माहितीपर्यंत जाणारी वाट शिल्लक राहिली पाहिजे. हा नियम संगणकाच्या युगातला वाटतो. मात्र तो न पाळला गेल्यास काय होते, हे वसईच्या किल्ल्याने १७३९ मध्येच अनुभवले होते.

२/ वसई ही पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी. किल्ल्याला दोन प्रमुख दरवाजे : एक जमिनीकडचा, दुसरा बंदराकडचा. शत्रूने जमीन रोखली, तर गोव्याहून समुद्रमार्गे माणसे, दारूगोळा आणि धान्य यावे, अशी ही रचना होती. कागदावर पाहता वसईला दोन स्वतंत्र वाटा होत्या.

३/ मराठ्यांची मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली. ठाणे आणि अर्नाळा त्याच वर्षी हाती आले. जानेवारी १७३९ मध्ये माहीम आणि तारापूर पडले. पुढे वर्सोवा आणि धारावीही मराठ्यांनी घेतले. ही धारावी मुंबईतली नव्हे. भाईंदरच्या पश्चिमेस, वसईच्या खाडीच्या मुखाजवळ असलेला हा किल्ला. तो गेल्यावर खाडीच्या दक्षिण तीरावर मराठ्यांची नजर आली. चिमाजी आप्पांनी वसईच्या तटावर अखेरचा घाव घालण्यापूर्वी वसईकडे येणाऱ्या वाटा एकेक करून कमी केल्या होत्या.

४/ या मोहिमेतील सर्वांत दूरदर्शी चाल वसईपासून शेकडो किलोमीटर दूर खेळली गेली. जानेवारी १७३९ मध्ये व्यंकटराव घोरपडे यांच्या फौजेने गोव्याच्या साष्टी प्रांतात शिरून मडगाव घेतले. आता खुद्द गोव्यालाच स्वतःच्या रक्षणाची चिंता पडली. वसईचा बंदर दरवाजा जागच्या जागी होता, समुद्रही आटला नव्हता. परंतु त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला मदत पाठवू शकणारे कोणी मोकळे उरले नव्हते.

५/ फेब्रुवारी १७३९ मध्ये वसईला वेढा पडला. पोर्तुगीज सेनापती मार्तिन्यो द सिल्व्हेरा वेढ्यातच मारला गेला. मे महिन्यात सेंट सेबॅस्टियन बुरुजाखालील सुरुंग उडाले, तटाला खिंडार पडले आणि १६ मे रोजी कायतानो द सौझा परेरा याने शरणागतीच्या अटी मान्य केल्या. मराठ्यांनाही हा विजय फार महाग पडला. त्यांचे हजारो लोक कामी आले.

६/ दरवाजे दोन असणे आणि वाटा दोन असणे यांत अंतर असते. दोन्ही वाटांचा भरवसा शेवटी एकाच ठिकाणावर असेल, तर ते ठिकाण अडचणीत येताच दोन्ही निरुपयोगी ठरतात. पुढच्या काळात संदेशवहनाची प्रत्येक व्यवस्था उभारताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

७/ त्रेसष्ट वर्षांनी वसई पुन्हा इतिहासाच्या मध्यभागी आली. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुण्याहून निघून कोकणमार्गे वसईला पोहोचले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी इंग्रजांशी वसईचा तह केला. ही बातमी लंडनला जायची ती शिडाच्या जहाजाने, कित्येक महिन्यांच्या प्रवासाने. तहाविषयी लंडनचे मत हिंदुस्थानात पोहोचण्याआधीच २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई होऊन गेली होती.

८/ जहाज बुडू शकते, शत्रूच्या हाती लागू शकते. म्हणून कंपनीचे महत्त्वाचे खलिते एकाहून अधिक प्रतींत लिहून वेगवेगळ्या जहाजांनी रवाना केले जात. काही टपाल इराणच्या आखातातून बसरामार्गे खुष्कीच्या वाटेने जाई. माहितीच्या प्रती वेगळ्या आणि त्यांच्या वाटाही वेगळ्या : आजच्या डेटा सेंटरचे तत्त्व त्या कारकुनांच्या रोजच्या कामात होते.

९/ विजेच्या तारेने काळ आकसला, धोका मात्र तसाच राहिला. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिशांना हिंदुस्थानाशी थेट तार हवी झाली. १८५९-६० मध्ये सुएझ, एडन, कराची अशी तार तांबड्या समुद्रातून टाकण्यात आली. सागरतळ उंचसखल होता, आणि तार पुरेसा ढिलेपणा न ठेवता ताणून टाकलेली होती. तिचे तुकडे एकामागून एक निकामी झाले. ब्रिटिश सरकारने गुंतवणूकदारांना हमी दिलेली असल्याने, मुक्या तारेचे पैसे सरकारी तिजोरीतून पुढे अनेक वर्षे द्यावे लागले.

१०/ १८६५ पासून कराची, इराणचे आखात आणि तुर्की मुलूख या मार्गाने तारा जाऊ लागल्या. मात्र अनेक हातांतून जाताना मजकूर बिघडे, आणि संदेशाला कित्येकदा दिवसच्या दिवस लागत. १८७० च्या आरंभी रशिया व इराणमधून जाणारी सीमेन्सची खुष्कीची तार सुरू झाली. तरीही या दोन्ही वाटा परक्या राज्यांतून जात होत्या.

११/ तिसरी वाट मुंबईतून निघाली. ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचे सर्वांत मोठे जहाज तारेची भेंडोळी घेऊन मुंबईस आले आणि फेब्रुवारी १८७० मध्ये त्याने मुंबई ते एडन ही समुद्री तार टाकली. जूनमध्ये मुंबई आणि लंडन समुद्रमार्गे जोडले गेले. वसईच्या तहाच्या वेळी ज्या बातमीला महिने लागत, ती आता काही मिनिटांत, फार तर काही तासांत पोहोचू शकत होती. इतके साधूनही त्या दशकात याच मार्गावर दुसरी तार टाकण्यात आली. एका तारेवर कोणी विसंबून राहिले नाही.

१२/ आज तांब्याच्या तारेची जागा काचेच्या तंतूने घेतली आहे. मराठ्यांनी १७३९ मध्ये घेतलेल्या वर्सोव्याच्या परिसरात आता समुद्राखालील केबली किनाऱ्याला लागतात. या केबली पश्चिमेस इजिप्तमार्गे युरोपकडे जातात आणि तिथे त्यांची दाटी होते. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ ‘सी-मी-वी ४’ आणि ‘फ्लॅग’ या दोन केबली तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. केबली दोन, मालक वेगळे, पण समुद्राचा टापू एकच. तेव्हा उपयोगी पडली ती विरुद्ध दिशेची, सिंगापूरकडून पॅसिफिकमार्गे जाणारी वाट.

१३/ हाच प्रश्न ऐरोली, महापे किंवा रबाळे येथील डेटा सेंटरमध्ये एका कपाटाएवढ्या जागेत सोडवावा लागतो. स्टोरेजला सहसा दोन कंट्रोलर असतात, समोर दोन स्विच असतात. पहिल्या कंट्रोलरची एक केबल पहिल्या स्विचला आणि दुसरी दुसऱ्या स्विचला. दुसऱ्या कंट्रोलरचेही तसेच. अशा चार केबली झाल्या की चार वाटा तयार होतात, आणि एक वाट बंद होताच सर्व्हरमधील प्रणाली काम उरलेल्या वाटांवर वळवते.

१४/ चूक होते ती घाईत. जवळचा म्हणून एकाच स्विचमध्ये चारही केबली खोचल्या, तरी सर्व दिवे हिरवेच दिसतात आणि काम सुरळीत चालते. स्विच बंद पडेल त्या दिवशी मात्र चारही वाटा एकदम जातात. दोन्ही स्विच एकाच वीजपुरवठ्यावर असले तरी परिणाम तोच. म्हणून केबलीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावतात, वळणावर ढिलेपणा ठेवतात आणि यंत्रणा वापरात आणण्यापूर्वी एकेक केबल मुद्दाम काढून पाहतात.

१५/ त्या कपाटात कोणाचा रुग्णालयातील अहवाल असतो, कोणाचे बँकेचे खाते, कोणाचा सातबारा. चौथी केबल कुठे खोचली, हे त्यांना कधी कळणारही नाही. पण त्यांचे काम अडणार की नाही, हे तिथेच ठरते.

१६/ वसईच्या किल्ल्यात जाल तेव्हा दोन्ही दरवाजे अवश्य पाहा. बंदर दरवाज्यातून बाहेर पडले की समोर खाडी दिसते आणि पलीकडे धारावीचा किनारा. मे १७३९ मध्येही ते पाणी तिथेच होते. गोव्याहून येऊ शकणारी मदत मात्र नव्हती.