परग्रहवासी कोणाच्या पथ्यावर पडले?

नेवाडाच्या वाळवंटातलं ग्रूम लेक हे नावालाच तळं. प्रत्यक्षात पांढरी, सपाट, कडक जमीन. 1955 च्या एप्रिलमध्ये सीआयएचे रिचर्ड बिसेल आणि लॉकहीडचे विमानरचनाकार केली जॉन्सन यांनी ती हेरली. सोव्हिएत रशियावर टेहळणी करायच्या यू-2 विमानाच्या चाचण्यांसाठी त्यांना आडबाजूची जागा हवी होती. अशा ओसाडीत कामगारांनी यावं म्हणून जॉन्सननी तिला नाव दिलं 'पॅराडाइज रँच'. हीच एरिया 51.

प्रवासी विमानं तेव्हा साधारण 10 ते 20 हजार फुटांवरून जात. यू-2 चांगलं 60 हजारांच्या वर. खाली संध्याकाळ झाली तरी तिथे ऊन असे. त्या उन्हात रुपेरी पंख चमकले, की खालच्या वैमानिकाला डोक्यावर आगीचा लोळ दिसायचा. उडत्या तबकड्या दिसल्याच्या तक्रारींचा छडा लावणाऱ्या हवाई दलाच्या 'ब्लू बुक' प्रकल्पातले तपासनीस अशा तक्रारी यू-2 च्या उड्डाणांशी ताडून बघत. जुळलं तरी पत्र लिहिणाऱ्याला खरं कारण सांगायची सोय नव्हती. तबकड्यांच्या त्या काळातल्या निम्म्याहून अधिक तक्रारी या टेहळणी विमानांमुळेच आल्या, असं सीआयएचा अंतर्गत इतिहास सांगतो. आकडा जरा फुगवलेला वाटतो. पण लोक मंगळावरचे पाहुणे शोधत होते तोवर यू-2 चं नाव कोणी काढत नव्हतं, हे खरंच.

गुप्ततेचा दुसरा फायदा मात्र शत्रूपासून बचावाचा नव्हता.

1994 मध्ये तळावरचे काही कामगार आणि दोन मृत कामगारांच्या विधवा कोर्टात गेल्या. विषारी कचरा उघड्या खड्ड्यांत जाळला जाई, त्या धुराने अंगाची कातडी फाटली, असा त्यांचा आरोप. त्यांचे वकील जोनाथन टर्ली. सरकारचा बचाव एकच: राष्ट्रीय सुरक्षा. 1995 मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी 'ग्रूम लेकजवळच्या' तळाला प्रदूषणाची माहिती उघड करण्यातून सूट दिली. काय जळत होतं, हे कामगारांच्या डॉक्टरांनाही कळणार नव्हतं.

पुढच्याच वर्षी नेवाडा राज्याने तळाजवळून जाणाऱ्या 375 क्रमांकाच्या रस्त्याचं 'एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे' असं थाटात नामकरण केलं. पर्यटक आले, रेचल गावातल्या खाणावळीत परग्रहवाल्यांची चित्रं खपू लागली. कामगारांचा दावा 1998 मध्ये अपील कोर्टानेही फेटाळला. 'एरिया 51' हे नाव सीआयएच्या कागदांतून उघड व्हायला 2013 उजाडलं.