चुलीतून धूर का निघतो आणि तो कमी कसा करायचा?

धाराशिव जिल्ह्यातल्या अनेक घरांत गॅसची शेगडी आणि चूल दोन्ही दिसतात. चहा-भाजी गॅसवर, तर भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर.

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे गरीब घरांत गॅस पोहोचला. पण सिलिंडर भरून आणायला पैसे लागतात आणि तुराट्या शेतात फुकट मिळतात. त्यामुळे चूल विझलेली नाही.

या चुलीचा धूर किती घातक आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, घरातल्या धुरामुळे होणाऱ्या प्रदूषणाने २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख लोकांचा मृत्यू झाला. सर्वाधिक धोका चुलीपुढे बसणाऱ्या बाईला आणि तिच्याजवळच्या लहान मुलांना असतो.

धूर म्हणजे नेमकं काय?

लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जातं. मग त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. हे वायू पेटले की जाळ दिसतो. पुरेशी उष्णता किंवा हवा मिळाली नाही, तर ते न जळताच बाहेर पडतात. तोच धूर. म्हणजे धूर हे वाया गेलेलं जळणच असतं.

कोणतं जळण कसं जळतं?

- तुराट्या, पऱ्हाट्या: लगेच पेटतात, लवकर संपतात. चूल पेटवायला आणि भाकरीला उपयोगी.
- बाभूळ, वेडी बाभूळ: हळू जळतात, निखारे टिकतात. डाळ शिजवायला, पाणी तापवायला चांगली.
- गोवऱ्या: धुमसत राहतात. धूर आणि राख दोन्ही जास्त.

ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता त्यातलं पाणी उडवण्यातच जाते. म्हणून लाकूड फोडून उन्हाळ्यातच वाळवावं आणि पावसाळ्यात जमिनीपासून उंच, छपराखाली ठेवावं. दोन वाळलेल्या फोडी एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज येतो; ओल्या असतील तर आवाज बद्द येतो.

चूल पेटवायची कशी?

१. आधी कालची राख काढा. राख साचली की हवा आत जात नाही.
२. बारीक काड्या आडव्या-उभ्या रचा, खालून हवेला वाट ठेवा.
३. जाळ धरल्यावर जाड लाकूड सारा. चुलीचं तोंड जळणाने गच्च भरू नका.
४. लाकडाचं टोक जळेल तसं ते थोडं थोडं आत ढकला.
५. भांड्यावर झाकण ठेवा. डाळ आधी भिजवली तर जळण कमी लागतं.

पेटवण्यासाठी प्लास्टिकची पिशवी किंवा रबर वापरू नका, त्यातून विषारी वायू निघतात. धुमसत्या चुलीत रॉकेल ओतू नका, एकदम भडका उडतो. पदर खोचून घ्या.

धूर जाणार कुठून?

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत छताला साणं असायचं. त्यातून उजेड आत यायचा आणि धूर बाहेर जायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली अशी हजारो दगडमातीची घरं कोसळली. उमरगा, लोहारा भागात त्यानंतर सिमेंटची घरं उभी राहिली. जड माळवदापेक्षा ती सुरक्षित आहेत, पण स्लॅबला साणं नसतं. अशा घरात चूल आत मांडली तर धूर छताखालीच कोंडतो.

चूल अंगणात किंवा पडवीत मांडणं हा सोपा उपाय. तिथे जागा नसेल तर चुलीला धुराडं बसवून त्याचं तोंड छपराच्या वर न्यावं आणि आतली काजळी वेळोवेळी झाडावी. समोरासमोरची दार-खिडकी उघडी ठेवली तरी फरक पडतो.

चूल विझवल्यावर धोका संपतो का?

नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. थंडीत ऊब म्हणून निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं जिवावर बेतू शकतं. डोकं जड होणं, मळमळणं अशी लक्षणं दिसली तर आधी त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा, मग दवाखाना गाठा.

राखेतही विस्तव दडलेला असतो. ती पूर्ण थंड झाल्याशिवाय उकिरड्यावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ टाकू नये.