खाडीवर तेल आलं तेव्हा

मागच्या भागात आपण दुष्काळातल्या चारा छावण्यांचा इतिहास ऐकला. तो ऐकून खाडीकाठच्या गटांमधल्या बायका म्हणाल्या, घाटावरचं झालं, आता आमच्याकडचं कधी? रास्त बोलणं आहे. म्हणून आज पाण्यावर सांडलेल्या तेलाचा इतिहास सांगतो. घाटावरच्या मैत्रिणींनीही ऐकावा, कारण तेलाची जहाजं समुद्रात चालतात तशी नद्यांतूनही चालतात.

घरात तेलाची बुधली कलंडली तर आपण काय करतो? आधी बुधली उभी करतो. मग तेल पसरू नये म्हणून कडेनं पीठ नाही तर राख टाकतो, टिपून घेतो, आणि शेवटी फरशी धुतो. सांडल्या सांडल्या त्यावर कुणी बादलीभर पाणी ओतत नाही. एवढं शहाणपण प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. मोठमोठ्या सरकारांना ते शिकायला बरीच वर्षं लागली, आणि त्यासाठी बरेच किनारे काळे व्हावे लागले.

आपल्याकडची गोष्ट आधी. ७ ऑगस्ट २०१०, शनिवार. सकाळची वेळ. न्हावा शेवा बंदरातून 'एमएससी चित्रा' नावाचं कंटेनरचं जहाज बाहेर निघालं होतं आणि 'खलिजिया ३' हे दुसरं जहाज मुंबई बंदराकडे आत येत होतं. बंदराच्या तोंडाशी दोघांची टक्कर झाली. चित्रा कलंडली. तिच्यावर बाराशेच्या आसपास कंटेनर होते, पोटात दोन हजार सहाशे टनांहून जास्त इंधन होतं. माणसं सगळी वाचली, हे मोठंच. पण अंदाजे आठशे टन तेल पाण्यात गेलं आणि दोन-अडीचशे कंटेनर डब्यांसारखे तरंगत सुटले. त्यांच्या धडकेच्या भीतीनं दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. जहाजावर तीसेक कंटेनर धोक्याच्या मालाचे होते, त्यात कीटकनाशकंही होती.

आता तारखा पाहा. मंगळवारी, १० तारखेला आषाढी अमावास्या, म्हणजे गटारी. त्याच्या आधीचा शनिवार-रविवार हा कोळणीच्या वर्षातला मोठा बाजार. पावसाळी बंदीमुळे मोठ्या होड्या बंद असतात, तेव्हा टोपलीत असतं ते खाडीतलं: निवट्या, कोळंबी, चिंबोऱ्या, नाही तर सुकं. बंदी १५ ऑगस्टला उठणार होती, नारळी पौर्णिमा २४ ला होती. जाळी दुरुस्त झालेली, होड्यांना रंग लागलेला, त्यासाठी कर्ज काढलेलं. आणि नेमकी तेव्हा बातमी आली की समुद्रात तेल आणि औषधं सांडलीत. गिऱ्हाईक टोपलीकडे पाहायला तयार नाही. मासा कुठल्या पाण्यातला, हे विचारायलाही कुणी थांबलं नाही. तेल एलिफंटा, उरण, अलिबागकडच्या किनाऱ्यांवर आणि तिवरांच्या रानात शिरलं. पण भीती त्याच्या कितीतरी पुढे, जिथं तेलाचा थेंबही नव्हता त्या बाजारांपर्यंत गेली.

तिवरांचं इथंच सांगून टाकतो. तिवराच्या बुडाशी चिखलातून बोटांसारखी मुळं वर आलेली आपण पाहतो. ती त्या झाडाची नाकं आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून झाड त्या मुळांनी श्वास घेतं. जहाजाचं जाड इंधन त्यांच्यावर चढलं की झाड गुदमरतं. आणि अशा वेळी आपण मदत म्हणून पन्नास माणसं त्या चिखलात उतरवली तर वरचं तेल पायांनी खाली दाबलं जातं. वर असतं ते भरती-ओहोटी हळूहळू नेते. दाबलेलं तेल मात्र वर्षानुवर्षं तिथंच राहतं, आणि निवट्या, खुबे, चिंबोऱ्या तिथंच जगतात.

बादलीभर पाणी ओतण्याचा किस्सा इंग्लंडमधला आहे. १८ मार्च १९६७ ला 'टॉरी कॅन्यन' नावाचं तेलवाहू जहाज कॉर्नवॉलच्या टोकाला खडकावर चढलं. सव्वा लाख टनांच्या जवळपास कच्चं तेल. तोवर एवढी गळती जगानं पाहिली नव्हती आणि कुणाकडेच काही तयारी नव्हती. मग काय केलं? किनाऱ्यावर हजारो टन साबणासारखी रसायनं ओतली आणि शेवटी विमानांतून बॉम्ब टाकून तेल पेटवायचा प्रयत्न केला. तेलानं मेले नव्हते ते खडकावरचे शिंपले, गोगलगायी त्या रसायनांनी मेल्या. जिथं रसायन ओतलं नाही तिथला किनारा लवकर सावरला, असं नंतर शास्त्रज्ञांना दिसलं. म्हणून आज कुणी किनाऱ्यावर फवारणीचे डबे घेऊन आलं, तर 'हे काय आहे आणि कुणाच्या परवानगीनं?' असं विचारणं हा आडमुठेपणा नाही.

दुसरा किस्सा अमेरिकेतल्या अलास्काचा. २४ मार्च १९८९, 'एक्सॉन वाल्डीज' जहाज, सदतीस हजार टनांच्या आसपास तेल. तिथं कागदावर तयारीचा आराखडा होता. पण ज्या तराफ्यावरून सामान न्यायचं तोच दुरुस्तीसाठी बाजूला लावलेला. मदतीचं सामान पोचायला बारा तासांहून जास्त वेळ गेला. तोवर कॉर्डोव्हा गावचे मच्छीमार आपापल्या होड्या घेऊन निघाले आणि मत्स्यबीज केंद्रांच्या तोंडाशी तरंगते अडसर लावून त्यांनी ती वाचवली. या अडसरांना 'बूम' म्हणतात. पाण्यावर तरंगणारी लांबच लांब गुंडाळी, खाली झालर. आपण पीठ टाकून तेल अडवतो, तसंच ते. दुसऱ्या वर्षी तिथं कायदा झाला. आज तिथल्या मच्छीमार होड्यांना दरवर्षी प्रशिक्षण मिळतं, त्याचे पैसे मिळतात, आणि गावांच्या प्रतिनिधींची एक परिषद तेल कंपन्यांवर लक्ष ठेवते. आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे पैशांचं. आपल्याकडे 'लोकसहभाग' म्हटलं की तो फुकटच असतो, असं सगळे धरून चालतात.

आता आपल्या शेजारची गोष्ट, आणि ही जरा सविस्तर सांगतो, कारण यातल्या बायका आपल्यासारख्या आहेत. बांगलादेशातलं सुंदरबन. तिवरांचं जगातलं सगळ्यात मोठं रान. त्यातून शेला नावाची नदी वाहते आणि तिच्या एका पट्ट्यात डॉल्फिनसाठी अभयारण्य आहे. मोठ्या बोटींचा नेहमीचा मार्ग म्हणजे मोंगला-घशियाखाली कालवा. तो गाळानं भरला म्हणून २०११ पासून मालवाहू बोटी या जंगलातल्या नदीतून जायला लागल्या. गाळ वेळेवर न उपसल्याची किंमत कोण देतं, ते आता ऐका.

९ डिसेंबर २०१४ ची पहाट, दाट धुकं. थांबलेल्या 'सदर्न स्टार ७' या तेलाच्या बोटीला दुसऱ्या बोटीची धडक बसली. साडेतीन लाख लिटर फर्नेस ऑइल, म्हणजे भट्ट्यांमध्ये जाळतात ते काळं घट्ट तेल, नदीत गेलं. भरती-ओहोटीनं ते फाट्याफाट्यांतून वर-खाली फिरत राहिलं. जवळपास तेल उचलण्याची यंत्रणा नव्हती. रसायन फवारायचा विचार झाला, पण लोकांनी आणि जाणकारांनी हरकत घेतली आणि तो मागे पडला. मग सरकारी तेल कंपनीनं जाहीर केलं: तेल गोळा करून आणा, लिटरला तीस टका देऊ.

जयमणीसारख्या नदीकाठच्या गावांतली माणसं पाण्यात उतरली. हातात होतं ते घेऊन: भांडी, स्पंज, जाळी, चिंध्या. हातमोजे नाहीत, बूट नाहीत. पोरंसुद्धा. गळ्यापर्यंत काळी झालेली पोरं, असे फोटो तेव्हा जगभर छापून आले. डोकेदुखी, उलट्या, अंगाची आग अशा तक्रारी झाल्या. जवळजवळ अडुसष्ट हजार लिटर तेल या माणसांनी आणि त्यांच्या भांड्यांनी उचललं. नंतर संयुक्त राष्ट्रांचं पथक आलं. त्यांनी पाहणी करून सांगितलं, की जंगलाचं नुकसान भीती होती त्यापेक्षा कमी झालं. एक तर भरती-ओहोटीचं पाणी तेव्हा फार आत चढलं नाही, आणि दुसरं, गावकऱ्यांनी तेल लवकर उचललं.

या घटनेकडे दोन तऱ्हांनी पाहता येतं. गावकऱ्यांनी जंगल वाचवलं, हे खरंच आहे. पण ज्या कामासाठी इतर देशांत अंगभर पोशाख, मोजे, चष्मे घालून माणसं उतरवतात, ते काम इथं तीस टक्याला पोरांकडून झालं. भाव लिटरवर ठरला की माणूस जास्तीत जास्त वेळ पाण्यात राहणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आपल्यावर अशी वेळ आली तर मजुरी दिवसावर मागायची, मोजे-बूट आधी मागायचे, आणि पोरं, गरोदर बायका काठावरही नकोत. शेला नदीत पुढे २०१६ मध्ये कोळशाची बोट बुडाली, तेव्हा कुठे तो मार्ग मालवाहतुकीला बंद झाला.

आपल्या देशात याची व्यवस्था आहे. १९९६ पासून राष्ट्रीय आराखडा आहे. समुद्रातल्या तेलाचं काम तटरक्षक दल पाहतं, पण किनाऱ्याला लागलेल्या तेलाची जबाबदारी राज्याची, म्हणजे आपल्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी. पाण्यातली बाजू आणि चिखलातली बाजू यांच्यामधली ही रेघ नकाशावर सोपी असते. बाईच्या घोट्यापर्यंत तेल आलं की कुणाला फोन करायचा, हा प्रश्न उरतो. तर लिहून घ्या: तटरक्षक दल १५५४, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. दोन्हीकडे करा.

आणि भरपाई. चित्राच्या पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ ला, मुंबईसमोर 'रॅक कॅरियर' हे साठ हजार टन कोळसा भरलेलं जहाज बुडालं आणि तेल पुन्हा किनाऱ्याकडे आलं. मुंबईच्या एका पर्यावरण कार्यकर्त्यानं हरित लवादाकडे दाद मागितली. ऑगस्ट २०१६ मध्ये लवादानं जहाजवाल्यांना शंभर कोटी आणि कोळशाच्या मालकाला पाच कोटी भरायचा आदेश दिला. पाच वर्षं लागली, पण सांडणाऱ्यानं भरायचं हे ठरलं. आता आपला प्रश्न. नुकसानीचा पंचनामा होतो तेव्हा होडीचा नंबर विचारतात, जाळ्याचं माप घेतात. होडी नवऱ्याच्या नावावर, नाही तर सासऱ्याच्या. जी ओहोटीला कालवं फोडते, खुबे वेचते, जी धक्क्यावर माल घेऊन गावोगाव विकते, तिच्या कामाचा कागद कुठं आहे? तिचं पाणी काळं झालं तर तिचं काय बुडालं, हे सिद्ध कशानं करायचं?

म्हणून खाडीकाठच्या गटांनी एक साधी वही आत्ताच, तेल नसताना सुरू करावी असं आम्हाला वाटतं. कोण कुठल्या खाजणात जाते, कुठल्या महिन्यात काय मिळतं, बाजारात काय भाव आला. गटाच्या बैठकीत हप्ते लिहितो, त्याच पानाच्या मागे. वर तारीख, खाली सह्या. ग्रामसभेत ती एकदा वाचून ठरावात नोंद करून घ्या. सोबत गावातल्या जाणत्या बायकांकडून खाडीचा कच्चा नकाशा काढा. कुठल्या फाट्याला तोंड अरुंद आहे, भरतीचा जोर कुठं मंदावतो, माशांची पिल्लं कुठं असतात. अडसर वेगाच्या पाण्यात टिकत नाही, तेल खालून निसटतं. कुठला फाटा आधी बंद करायचा हे बाहेरून आलेल्या साहेबाला ठाऊक नसतं, तुम्हाला असतं.

२५ मे २०२५ ला केरळच्या समुद्रात 'एमएससी एल्सा ३' बुडालं. सहाशे चाळीस कंटेनर, त्यातले तेरा धोक्याच्या मालाचे. किनाऱ्यावर कंटेनर लागायला लागले तेव्हा तिथल्या प्रशासनानं लगेच सांगितलं: हात लावू नका, दोनशे मीटर लांब राहा, कळवा. कंटेनर कळवता आले. पण त्यांच्यातून सांडलेले प्लॅस्टिकचे साबुदाण्यासारखे पांढरे दाणे वाळूत मिसळले. ते स्वयंसेवक चाळणीनं वेचत होते.